साक्षीला उठलो नाही

माझ्या पोरांच्या आईस,
प्रभूची शांती तुझ्यावर असो.

मी बरा आहे. दिवसभर स्पिरिटच्या वासात कपाटांना पॉलिश करतो, पण त्या वासाने मन चळत नाही, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या मंडळीत दर रविवारी मला साक्षीला, प्रभूने दारूतून कसं सोडवलं ते सांगायला, उभं करतात. "दादा, ते गटारातलं सांगा ना!" अशी मागून फर्माईश येते. मी पिऊन कसा पडलो आणि तू बॅटरी घेऊन मला कसं शोधलंस, ते मी सांगायचो. लोक आधी पोट धरून हसायचे, मग हालेलुया म्हणायचे. मागच्या खेपेला मी तुझ्या रडण्याची नक्कल केली. फार हसले. परतताना गुत्त्यासमोर माझे पाय आपोआप थांबले. तसाच माघारी वळलो.

या रविवारी उठलोच नाही. पाळकसाहेब म्हणाले, "सैतानाने याची जीभ बांधली." मग सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सैतानापासून माझी पुन्हा सुटका केली. प्रभूने एकदा सोडवलं, ते मला पुरलं असतं. यांना मात्र दर आठवड्याला तो जुना दारुडाच हवा आहे.

आता मी लांबच्या रस्त्याने खोलीवर येतो. तिकडच्या मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना मागू नकोस, लोक खोदून विचारतील. तू एकटीच कर.

त्या नकलेची माफी प्रभूकडे मागून झाली. तुझ्याकडे मागायची राहिली होती, ती मागतो.

तुझा,
आज शुद्धीवर असलेला