स्टुलावर उभं राहायची परीक्षा

९ जानेवारी

प्रिय दादा,

पाया पडते असं लिहिणार होते, पण हल्ली वाकले की माझ्याआधी गुडघेच बोलतात, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागव. खोकला कसा आहे? औषध घेतोस की वहिनीची पाठ वळली की कुंडीत ओततोस?

इकडे कामाचा रगाडा आहेच. चौसष्ट शाळा, आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला वाटतं, शिक्षणाधिकारी बाईंना फक्त आपलंच गळकं छप्पर दिसावं. त्यात पुढच्या महिन्यात माझं भाषण आहे, 'मुलांना भविष्यासाठी कसं तयार करायचं'. चार दिवस कागद घेऊन बसतेय, दुसऱ्या ओळीपुढे गाडी सरकत नाही.

पण आधी चांगली बातमी, तुझ्या कानावर आली असेलच, तरी ती पोटात मावत नाहीये. तुझ्या शाळेत सुतारकामाची खोली परत सुरू झाली! कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर हलवले आणि अडगळीतून तुझे सहाच्या सहा बाक बाहेर काढले. अकरा वर्षं पडून होते बिचारे, पण एकही डुगडुगत नाही. तेवढ्या काळात कॉम्प्युटर दोनदा बदलून झाले. मी शिपायाला म्हटलं, "बघा, माझ्या भावाचं काम आहे." त्याने हे चारदा तरी ऐकलंय, पण दर वेळी "हो का!" म्हणतो. गुणी माणूस आहे.

शिकवायला विज्ञानाच्या बाई आहेत. हौस दांडगी, पण रंधा धरतात तो लाटणं धरल्यासारखा. तुझी परीक्षा मात्र तशीच ठेवलीय. आपलं स्टूल आपण करायचं आणि सगळ्या वर्गासमोर त्यावर उभं राहायचं.

आठवीत एक मुलगी आहे. दिसेल ते मोजत सुटते, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणतात. गेल्या आठवड्यात ती स्टुलावर चढली आणि स्टूल लागलं डुलायला. मुलं फिदीफिदी हसली. पोरगी खाली उतरली, स्टूल उलटं केलं, पाय मोजले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हा पाय मी न मोजता कापला. माझीच चूक आहे." तीन दिवसांनी परत चढली आणि वर दोन उड्या मारून दाखवल्या. दादा, मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! टाळ्या वाजवायच्या सोडून मी नाक पुसत बसले.

तेरा वर्षांची पोर. चाळीस जणांसमोर म्हणाली. आणि मला एकट्या तुझ्यासमोर अकरा वर्षांत जमलं नाही.

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "धाकटीने बोलावलं तर शिक्षकांना सुतारकाम शिकवायला जाईन, असं म्हणतायत हे." मला आनंद झाला, आणि आज हे पत्र लिहायला बसले. तू हो म्हणायच्या आधी हे ऐक.

तुझी खोली बंद करायचा आदेश वरून आला नव्हता. वरून एवढंच विचारलं होतं की कॉम्प्युटरसाठी कुठे जागा आहे का. जागा होती. वाचनालयामागची खोली रिकामीच पडली होती. पण तुझी खोली मोठी, उजेडाची, पाहुण्यांना दाखवायला बरी. मी नवी नवी अधिकारी झालेले. बहिणीने भावाची खोली वाचवली असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिला घाव तुझ्यावर घातला. टिपण मीच लिहिलं, सहीही माझीच. आणि त्या संध्याकाळी तू पटाशांना तेल लावून पेटीत ठेवत होतास, तेव्हा उलट माझीच समजूत काढलीस. "तू तरी काय करणार, मनाला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली, तुझ्या हातचा चहा प्यायले आणि घरी गेले.

लाज वाटते रे. अजून वाटते.

भाषणात मी मोजपट्टीचंच सांगणार आहे. उद्या कुठलं यंत्र येईल ते मला कळत नाही, कळतं असं म्हणणाऱ्यांचंही मला खरं वाटत नाही. पण जी मुलगी आपली चूक बोलून दाखवते आणि परत मोजायला बसते, तिची मला काळजी नाही. हे तू त्या खोलीत तीस वर्षं शिकवत होतास. आम्हाला मात्र तिथे नुसता भुसा दिसला.

आणखी एक. मीही स्टूल केलं. काल आठवीसमोर त्यावर उभी राहिले. डुगडुगलं. मोजपट्टीने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, नापास." मग मीच हसले, तेव्हा कुठे पोरांच्या जिवात जीव आला.

ते स्टूल तसंच ठेवलंय, कुणाला हात लावू दिलेला नाही. नापास झालेल्याला तू शेजारी बसवून परत करायला लावायचास. यायचं की नाही ते तू ठरव. रागावलास तर राग, तोही मला चालेल. पण आलास तर आधी मला शेजारी बसव, शिक्षकांचं नंतर बघू.

आखूड पायाचं स्टूल घेऊन बसलेली,
तुझी नापास धाकटी