दर रविवारी ‘आठवी पायरी’

४ जानेवारी, शनिवार
पूर्वी गुरुवारी रात्री टीव्हीवर ‘आठवी पायरी’ ही भुताची मालिका लागायची. वासुदेव दिवे मालवायचे, मी चादर आणायचे. कंदील घेतलेली ती बाई जिना उतरू लागली की हे हमखास विचारणार, “मागचं दार लावलंस ना?” कधीच लावलेलं नसायचं. मग दोघं हात धरून लावायला जायचो.
राजस म्हणतो, बंगळुरूचं हे मल्लेश्वरममधलं घर विकू. जाण्याआधी यांनी ते त्याच्याच नावावर केलं. “एकटी एवढ्या घरात काय करणार, आई? सर्जापूर रोडहून आम्हाला येणं होत नाही.” उपाय सापडला. मालिकेच्या जुन्या टेप्स पेनड्राइव्हवर करून आणल्या. दर रविवारी एक भाग, सगळ्यांनी मिळून. विकण्याचा विषयच निघणार नाही. मी शिकवायचे त्या शाळेत मुख्याध्यापिका सिस्टर अ‍ॅग्नेसनाही माझ्याइतका वर्ग गप्प बसवता येत नसे.

५ जानेवारी
राजस, सून सिद्धी, नात सुखदा, तिघंही आली! बाई जिना उतरली आणि सुखदा उशीत तोंड खुपसून गदगदा हलू लागली. सिद्धीने ओढणी तोंडात कोंबली. दोघींच्या डोळ्यांत पाणी. चौदा वर्षांची मुलगी इतकी घाबरेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी एक दिवा चालू ठेवावा.

१२ जानेवारी
सुनेला ऑफिसचा कॉल, नातीला क्लास. पण राजस ओळखीच्या कुणा भीमसेन अण्णांना घेऊन आला. म्हणे अण्णांना जुन्या गोष्टींची आवड. वासुदेवांची वेताची खुर्ची दिली. खोबऱ्याच्या वड्या आवडल्या. धीर मात्र कमी. बाई दिसताच उठले, टॉर्च लावून खोल्या तपासल्या, भिंती ठोकून पाहिल्या. म्हटलं, “अण्णा, ती टीव्हीत आहे.” म्हणाले, “सरी अक्का, सरी.” म्हणजे, बरं ताई, बरं.

१९ जानेवारी
अण्णा परत! सोबत बायको चंपा आणि एक इंजिनिअर. चंपाक्कांनी ऐन जिन्याच्या वेळी विचारलं, “बोअरला पाणी आहे का?” मी म्हटलं, “शू!” किती वर्षं झाली, पण जादू तीच. राजसही म्हणाला, “चांगला रिस्पॉन्स आहे, आई.”
खुर्च्या वाढवणे.

२ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. राजसचा फोन. “आई, अण्णांचं पक्कं झालं.”
विचारलं, “कितव्या भागापासून?”
त्याच्या हातून सिद्धीने फोन घेतला. “आई, घर घेतलंय त्यांनी. पाडून फ्लॅट बांधणार. तुमच्यासाठी गावाबाहेर देवनहळ्ळीकडे छान सीनियर होम बघितलंय. हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे.”
मागून सुखदा ओरडली, “आजी, तो जिन्याचा सीन पाठव ना! फ्रेंड्सना दाखवायचाय. मी कसली हसले होते!”

८ फेब्रुवारी
तिथे एकच कपाट. म्हणून:
पेनड्राइव्ह सुखदाला. हसायला.
वड्यांचा डबा सिद्धीला. परत नको.
वेताची खुर्ची भीमसेन अण्णांना. बसून पाहिलेली आहे.
चादर माझ्या बॅगेत.
मागच्या दाराची किल्ली राजसला. पाडायला येतील त्याच्या आदल्या रात्री ते लावलंय ना, तेवढं बघावं.