गॅलरीतल्या काड्यांचं नाव

बाबा, तुझ्या झाडाच्या तीनच काड्या राहिल्यात. त्यातली एक आज सकाळी बोटाने दाबून बघितली तर पिकल्या केळ्यासारखी मऊ लागली. म्हणजे दोनच धरायच्या. तू होतास तेव्हा ग्रिलला टांगलेल्या त्या लाकडावर तीस-चाळीस तरी असतील, मी कधी मोजल्या नाहीत. आता रोज मोजते. ड्युटीवरून आले की चप्पल काढायच्या आधी गॅलरीत जाते, आणि आई आतून विचारते, जिता हाय का गो? मी हो म्हणते. नऊ वर्षांत मी तुझ्याशी एक शब्द बोललेले नाही, पितरपाटात पान वाढतानासुद्धा गप्प बसते. आज लिहायला बसले ते या काड्यांसाठी, कारण माझी मती खुंटलीय आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

काकांनी पडघ्याकडची जमीन गोडाऊनला दिली आणि बांधावरचं ऐनाचं झाड पाडलं, तो दिवस मला चांगला आठवतो. मी नववीत होते. सगळे जेसीबी बघत उभे, आणि तू आडव्या पडलेल्या झाडावर चढून या काड्यांचा झुबका धरलेली फांदी कोयत्याने तोडतोयस. काका हसले, बांडगूळ कशाला घरी नेतोस म्हणाले. तू शांतपणे म्हणालास की बांडगूळ झाडाचं रक्त पितं, हे बिचारं नुसतं बसतं. टेमघरला घरापर्यंत ती फांदी शेअर रिक्षात मांडीवर घेऊन आलास आणि मी शेजारी बसून दुसरीकडे बघत होते, जणू हा माणूस माझा कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या लूमच्या कारखान्यातून कॉटनचं सूत आणलंस, सुटत आलेलं काड्यांचं बूड त्या फांदीच्या तुकड्याला बांधलंस. तुटलेला धागा सांधायची ती बारकी गाठ मला तेव्हाच शिकवलीस. म्हणालास, "सूत पावसात कुजल, तवर मुल्या लाकूड धरतील. मंग बांधून ठेवायची गरज न्हाय." गाठ मी शिकले, बोलणं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

तुला त्याचं नाव हवं होतं. येईल त्याला विचारायचास. दिवाळी झाली की तू पाणी बंद करायचास, पानं गळून जायची, नुसत्या वाळक्या काड्या राहायच्या, आणि मग माघाच्या सुमारास त्या काड्यांनाच फुलं. लूमवरचे भैये घरी आले की बघत राहायचे, सूखी लकड़ी में फूल, क्या बात है चाचा. मी बीएस्सीला गेले तेव्हा तुला वाटलं आता झालं काम. एक काडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारात उभा राहिलास, अंगावर ऑइलचे डाग पडलेला बनियन, आणि म्हणालास, तू सायन्सला हायस ना, सरांना इचार याचा नाव काय. मी ती पिशवी धामणकर नाक्यावर बस यायच्या आधी कचऱ्यात टाकली. लाज वाटली रे. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरची पोर, हातात काडक्या घेऊन प्रयोगशाळेत कशी जाणार? तू आठवडाभर रोज विचारलंस. शेवटी मी सांगितलं की सर म्हणाले, जंगली आहे, त्याला नाव नसतं. तू ग्रिलवरच्या काड्यांकडे बघितलंस. मग म्हणालास, "नाव न्हाय असा कसा व्हईल?" आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तू गेल्यावर आईने ते झाड लेकरासारखं सांभाळलं. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, रोज, बारा महिने. दिवाळीनंतर पाणी तोडायचं हे तिच्या जिवाला पटलं नाही. याच्या बापसानं उपाशी ठेवला त्याला, म्हणायची. झाड हिरवंगार राहिलं, काडीला नव्या रोपांची पिल्लं धरायचं, पण फूल एक नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. पडघ्याच्या नर्सरीवाल्याला फोटो दाखवला तर तोही म्हणाला, ऑर्किड आहे, ओलं ठेवा, रोज फवारा मारा. मारला. गेल्या पावसाळ्यात ते जुनं लाकूडच भुसभुशीत होऊन खाली आलं. मी नवं लाकूड आणलं, आणि तू करायचास तसं करायचं म्हणून तुझ्या जुन्या कारखान्यात गेले सूत मागायला. तिथला माणूस म्हणाला, "कॉटन अब कहाँ, दीदी, सब पॉलिस्टर है." धाग्याचा एक अख्खा कोन हातात ठेवला. मी झाड बांधलं, तू शिकवलेली गाठ मारली, आणि स्वतःवर खूश झाले. पॉलिस्टर कुजत नाही, बाबा. भिवंडीत जन्म गेला माझा, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. नवे कोंब जाड होत गेले आणि धागा त्यांच्यात रुतत गेला, जखमेत रोज फवाऱ्याचं पाणी. तुझ्या झाडाचा गळा मी तुझ्याच गाठीने आवळला.

काळं पडायला लागलं तेव्हा मात्र धावले. बैल गेला नि झोपा केला. माझ्याच कॉलेजात गेले, बॉटनीच्या मॅडमकडे, आणि या वेळी काडी पिशवीतून नेली नाही, ओढणीत गुंडाळून छातीशी धरून नेली. पोरं बघत होती. बघू देत म्हटलं. मॅडमनी एका मिनिटात ओळखलं की डेंड्रोबियम आहे, आपल्याकडच्याच जंगलातलं. धागा ब्लेडने काप म्हणाल्या, कुजलेलं काढून टाक, हळद लाव, आणि आता पाऊस येईपर्यंत जवळजवळ कोरडं ठेव, थंडीत ते झोपतं. म्हणजे तू करायचास ते सगळं. पण या जातीत दोघी बहिणी आहेत म्हणे, पानाकाडीवरून सहज कळत नाहीत, एकीचं फूल पांढरं, दुसरीचं पिवळसर. त्यांनी वर बघून विचारलं, तुमच्याकडे फुलायचं ना? कुठल्या रंगाचं?

बाबा, तू मला शेवटचा फोन केलास तो त्या फुलांसाठीच. मी नाशिकला नोकरीला होते. म्हणालास, औंदा लई फुललाय, बघाया ये. मी म्हटलं रविवारी येते, आणि शुक्रवारीच यावं लागलं. लूमवरच छातीत कळ आली तुला, दवाखान्यापर्यंत पोचला नाहीस. पुढचे तेरा दिवस मी त्याच गॅलरीत उभी राहून नातेवाइकांचे फोन घेत होते. फुलं माझ्या डोक्याला लागत असणार. केसांतून एकदा पाकळी निघालेली आठवते. पाकळी आठवते, रंग आठवत नाही. आईला विचारलं तर एकदा पांढरी म्हणाली, एकदा पिवळी, मग रडायला लागली. फोनमध्ये एक फोटो नाही.

दोन काड्या आहेत. एकीच्या बुडाशी तांदळाएवढं हिरवं टोक दिसतंय, की मलाच तसं वाटतंय, ठाऊक नाही. आई चोरून पाणी घालते म्हणून मी पाण्याचा मग लपवून ठेवलाय, आणि तिच्याशी भांडलेही. मला भीती वाटते. हे मेलं तर रंग कायमचा गेला, मग कुणाला विचारू?

मॅडमना मी आठवत नाही असं सांगितलं नाही. पांढरं, असं ठाम सांगितलं. त्यांनी कागदावर पांढरीचं नाव लिहून दिलं, डेंड्रोबियम बार्बाट्युलम, आणि मी घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिला एक अक्षर कळलं नाही, तरी तिने तो कागद तुझ्या फोटोच्या चौकटीत खोचला आणि म्हणाली, "घ्या, तुमच्या झाराचा नाव कलला." कागद अजून तिथेच आहे, आणि ते नाव खरं आहे की नाही, मला माहीत नाही.