एकदाच आवळायचे बोल्ट

आप्पा, सगळ्यांत आधी आली ती मुलाची आत्या, आणि तीही ट्रॅक्टरवर बसून. माझ्या नातीला बघायला आष्ट्याहून पाहुणे येणार म्हणून मी सकाळपासून रवा भाजतेय, तर ही बाई दारात उभी. म्हणाली, "आवं, गाडी मागं बांधून आणलीया. वाटंतच वाफ सोडाय लागली." मागून दोरीला बांधलेली गाडी आली, आत मुलगा आणि त्याचे वडील घामाघूम. बरं तर बरं, साताऱ्यात आमचं गॅरेज घराखालीच आहे. माझ्या थोरल्यानं, मुलीच्या बापानं, नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि बॉनेट उघडलं. दुपारपर्यंत इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खाली उतरलेलं, शिरा गार झालेला. हेडखाली फट बुजवायला असतं ते पातळ गॅस्केट जळालं होतं. नवं गॅस्केट होतं त्याच्याकडं, पण हेडचे नवे बोल्ट नव्हते, आणि गाडं तिथंच अडलं.

मुलाचे वडील म्हणाले, "काढल्यालंच घाला की. जरा जास्त आवळा. आमास्नी सांजच्याला माघारी जायाचं हाय." थोरला म्हणाला, "न्हाई पाव्हणं, जास्त आवळलं तर तुटंल." त्यांचा चेहरा उतरला. मी थोरल्याला चुलीपाशी ओढलं. "बसव की रं, आप्पा जन्मभर बसवायचे. पोरीची सोयरीक मोडशील."

खरंच बसवायचे तुम्ही. माधवनगरला मिलचे ट्रक दारात उभे आहेत, मी तुमची परकरी पोर परातीत रॉकेल घेऊन बोल्ट धुतेय, एक गटारात उडतो आणि तुम्ही ओरडता, "हुडीक. लोखंड झाडाला लागतंय व्हय?" मी रडत रडत हुडकते, मग तुम्हीच हातावर फुटाणे ठेवता.

थोरला मात्र हळूच म्हणाला, "आई, आप्पांचे बोल्ट जाड, आवळलं तरी हाय तेवढेच राहायचे. ह्या नव्या गाडीचे आवळतानाच मुद्दाम ताणत्यात, त्या ताणावर हेड दाबून ऱ्हातं. एकदा खोललं की टाकायचे. चाकाचे मी परत घालतोच की, पर हे न्हाईत." मला तर लेंग्याचं इलास्टिकच आठवलं, एकदा ताणून सैल पडलं की धुऊन काय उपयोग. तुमचं चुकत नव्हतं आप्पा, तुमचं लोखंडच निराळं होतं.

थोरल्यानं बाहेर जाऊन पाहुण्यांनाही तेच सांगितलं. एवढ्यात नात चहा घेऊन गेली आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "जुनं बोल्ट घातलं तर मी न्हाई बसायची त्या गाडीत." मुलाचे वडील थोरल्याकडं बघायला लागले, थोरला जमिनीकडं.

आत्यानं बशीतला चहा फुरकला. "म्हंजे नवं घातलं तर बसणार म्हन की."

मुलगा उगाच रेडिएटरात वाकून बघायला लागला, कान लालेलाल. मग त्याचे वडीलही हसले आणि दुसऱ्यांदा शिरा मागितला. थोरल्यानं एसटीडीवरून सांगलीला फोन लावला, बोल्ट बुधवारी येतील म्हणे. पाहुणे एसटीनं गेले, गाडी आमच्या दारात सोडून.

तुम्ही गेल्यावर हे पत्र मी कुठं टाकणार, उशीखालीच राहील. एवढंच सांगते, तुमचं नाव घेऊन मी बसव म्हणाले, ते काही तुमच्या शहाणपणासाठी नव्हे. मी भ्याले होते, आणि तुमचं नाव पुढं केलं की थोरला ऐकतो. पाहुणे गुरुवारी येतो म्हणालेत, गाडी न्यायला आणि सुपारी फोडायला.