दंडावरची लाल पट्टी

कैरवान, २ जुलै २०२१
ती. मोंजिया मावशीस,
सलवाचा सा. न. वि. वि. डोंगरावर तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्या हादीसोबत पाठवतेय. सोबत आम्हा अकरा नर्सेसचा फोटो आहे. कोरोनाच्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत, माणसं जमिनीवर झोपवलीत. माझ्या अंगात त्राण उरलं नाही गं. आमचा कंत्राटी पगार मार्चपासून नाही आणि टीव्हीवर आमचं कौतुक चालतं, ते बघून अंगाचा तिळपापड होतो. कतारच्या दवाखान्याचा नोकरीचा कागद आलाय, पंधरा तारखेपर्यंत सही करायची. पण तू आईच्या जागी. तू हो म्हटल्याशिवाय करणार नाही.
लोभ आहेच, थोडं लोणचं पाठवलंस तर वाढेल.
सलवा

केफ, ५ जुलै
चि. सलवास अ. आ.
अगं लबाडे, एवढी मोठी झालीस आणि सांगितलंही नाहीस! फोटोत सगळ्यांच्या दंडावर लाल पट्टी! सरकारने मान दिला, हे काय मला कळत नाही? मी कोंबडा कापला, कुसकुस रांधला, अर्ध्या गावाला जेवू घातलं. मुखियाच्या बायकोने नाक मुरडलं, पण दोनदा वाढून घेतलं. मान मिळाला तसा पगारही येईल. कतारचं नाव काढू नकोस.
माया कमी करू नकोस.
मावशी

कैरवान, ८ जुलै
ती. मावशीस सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी हसले, मग औषधांच्या खोलीत जाऊन रडले. मावशी, लाल पट्टी म्हणजे आम्ही संपावर आहोत. आमचा संप असाच: पट्टी बांधायची आणि काम करत राहायचं. ऑक्सिजनवरची माणसं सोडून जाणार कुठे? साहेब पट्टीकडे बघतात नि पुढे जातात. माझी तर जुन्या पडद्याची आहे, घामाने रंग दंडाला लागतो. कोंबड्याचं वाईट वाटलं. आता तरी हो म्हण.
रागावू नकोस, एवढंच मागणं.
सलवा

केफ, ११ जुलै
चि. सलवास अ. आ.
बेकरीपाशी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. एक दिवस तोंड लपवावंसं वाटलं, मग संताप आला. लग्नातली लाल शाल कापली आणि अकरा पट्ट्या शिवल्या, हादी देईल. धुऊन बघितल्यात, रंग जात नाही. तिथे आहेस तोवर पडद्याचं फडकं बांधू नकोस. आणि त्या कागदावर सही कर, खुशाल जा. तू तिथे मरमर मरत होतीस आणि मी इथे मेजवानी घातली, मी कोण तुला अडवणार?
बारावी पट्टी माझ्या दंडावर आहे. कोणी विचारलं की सांगते, आमच्या पोरीचा पगार यायचाय. काल मुखियाची बायको तेरावी मागायला आली. म्हटलं, शाल संपली. आज ती स्वतःची लाल शाल घेऊन आली.
कुठेही जा, पत्र मात्र येऊ दे.
मावशी