तबकडीवरचा दुसरा आवाज

लॉरेल फोर्क, केंटकी
१४ मे १९६६

चि. हॉबर्ट यास अनेक आशीर्वाद.

काल आपल्या भावाला, एस्टिलला, पुरलं. सकाळी धुकं होतं, नंतर ऊन पडलं. तुला कारखान्यातून रजा मिळाली नाही, हे सगळ्यांनी समजून घेतलं. ऑलीमावशी म्हणाली की बँजोवाल्यासाठी एवढी माणसं रडतात हे ठाऊक असतं, तर तीही शिकली असती.

लेक्झिंग्टनचे एक गृहस्थ घरी आले होते. एस्टिलची अगदी पहिली ब्लूग्रास गाणी, आपल्या डोंगराकडची बँजोची, हॅझर्डच्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रित केलेली, ते नव्या तबकडीवर पुन्हा काढणार आहेत. त्यांनी तबकडी लावली. एस्टिलच्या वरच्या पट्टीत दुसरा एक पुरुष गातो. त्याचं नाव त्यांना पाकिटावर छापायचंय. ओळ संपताना आवाज उचलून तोडायची ती लकब मी लगेच ओळखली. हॉबर्ट, ते बाबा आहेत! वाद्य हे पाप म्हणून चर्चमध्ये जन्मभर सांगणारे, एस्टिलचा बँजो अंगणात फोडणारे बाबा. त्या गृहस्थांना काय कळवू?

तुझी,
व्हर्नाताई

डेटन, २० मे

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. बाबांच्यापायी एस्टिल घरी यायचा बंद झाला! पण नाव कळवू नकोस. चर्चची मंडळी त्यांना चर्चमधून काढून टाकतील आणि चर्चच्या आवारातली, आईच्या थडग्याशेजारची त्यांची जागा जाईल. ठाऊक नाही म्हण. बाबांनाही काही विचारू नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
हॉबर्ट

लॉरेल फोर्क, ३० मे

चि. हॉबर्टला आशीर्वाद.

मी विचारलं नव्हतं. पण तबकडी लागली तेव्हा बाबा मागच्या ओसरीवर होते, त्यांनी सगळं ऐकलं. काल उपासनेनंतर ते आपणहून उभे राहिले. म्हणाले की एस्टिलच्या तबकडीवरचा दुसरा आवाज माझा. पोराबरोबर गाताना इतका आनंद झाला की भीती वाटली, म्हणून घरी येऊन बँजो फोडला. मंडळींनी माफी मागायला सांगितलं. बाबांनी बँजो फोडल्याची मागितली, गाण्याची नाही. त्यांना काढायला पहिला हात ऑलीमावशीनं वर केला. सख्ख्या मेव्हणीनं!

आईशेजारची जागा गेली. लेक्झिंग्टनला नाव कळवलं, बाबांनीच कळव म्हणून सांगितलं.

जपून राहा, आम्हांला विसरू नकोस.

तुझी,
व्हर्नाताई

ता. क. बाबा झोपलेत. त्यांच्या घेवड्याच्या खुरपायच्या राहिलेल्या ओळी मी खुरपून आले.