तोरवरून दिसेल असा टीव्ही

प्रिय ताई, साइकाल एजे,

आधी बातमी सांगतो, नाहीतर माझं पोट फुटेल. आपल्या घरी पासष्ट इंचांचा टीव्ही आलाय. बातम्या बघायला नाही, आईच्या मालिकांनाही नाही. माझा कॉम्प्युटर जोडून त्यावर गेम खेळायला. आणि तो कुणी निवडला, तर बाबांनी. कागदावर दोनदा वाचलंस तरी तेच लिहिलेलं असेल. एरवी मोबाइलवर दोन ओळींत भागवणारा मी आज पेन घेऊन बसलोय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू ओळखलं असशीलच. तू लिहिलंस की मेमध्ये कामासाठी अल्माटीला येतेयस, तिथून बिश्केक चार-पाच तासांवर, पण घरी यायचं की नाही ते ठरत नाही. ‘तुझ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मी चुकलो, एवढं बाबांनी सात वर्षांत एकदा जरी म्हटलं असतं तरी आले असते.’ ते वाक्य मला पाठ झालंय. महिनाभर उत्तर दिलं नाही. आता देतो, पण टीव्हीच्या वाटेने जाऊ दे.

तुमचा गेम बाजारात आला त्याच दिवशी मी तो घेतला. वॉर्सात बसून तुम्ही लोकांनी डोंगराळ शहरातली बस चालवायचा गेम बनवलात आणि त्यातली विजेच्या तारांखालून धावणारी ट्रॉलीबस तू केलीस, हे आईने बाबांना जेवताना सांगितलं होतं. बाबा चहात ब्रेड बुडवत राहिले. पण मी माझ्या खोलीत खेळायला बसलो तर मागे येऊन उभे. वीस मिनिटं. मग म्हणाले, “उजवा आरसा कुठाय?” मी दाखवला. “एवढासा? त्यात माणूस दिसायचा की मुंगी?” थांब्यांची नावंही त्यांना वाचता येईनात. खुर्चीत बसले तर गुडघे टेबलाला लागले, पाठ आखडली. शेवटी उठले आणि दारातून म्हणाले, “ही गाडी बैठकीच्या खोलीत चालवायला पाहिजे.” एकोणतीस वर्षं ट्रॉलीबस चालवून ती शहरात बंद झाल्यापासून त्यांनी ‘चालवायला’ हा शब्द मला वाटतं पहिल्यांदाच उच्चारला.

दुसऱ्याच शनिवारी आम्ही दुकानात. मी माझा कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून टॅक्सीतून नेला होता, कारण बाबांचं म्हणणं, गाडी घ्यायची तर चालवून बघायची. दुकानातला मेदेर नावाचा विक्रेता भला माणूस. बाबांना आदराने म्हणाला, “अक्साकाल, हे रंग बघा, हे फूल बघा, दव दिसतंय की नाही?” बाबा म्हणाले, “फूल माझ्या बायकोला दाखव. मला ब्रेक दाखव.” मी कॉम्प्युटर जोडला, बाबांच्या हातात रिमोटसारखा तो दोन मुठींचा कंट्रोलर दिला, तुझी ट्रॉलीबस सुरू केली. थांबा आला, बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी खांबाच्या पुढे. पुन्हा केलं, पुन्हा पुढे. मला वाटलं हात सरावलेला नाही, पण ते ठामपणे म्हणाले, “मी वेळेवर दाबला. ह्या डब्याला उशिरा कळतं. दीड हात पुढे जातेय.” एजे, लोक तासन्‌तास व्हिडिओ बघून जे शिकतात ते या माणसाने दोन थांब्यांत पकडलं. मेदेरही चाट पडला. त्याने सांगितलं की टीव्ही आधी चित्राला नटवतो, सजवतो आणि मग बाहेर सोडतो, म्हणून उशीर. गेमसाठी वेगळी सेटिंग असते. ती लावली. पुढचा थांबा, ब्रेक, आणि गाडीचं दार बरोबर खांबापाशी. बाबा म्हणाले, “म्हणजे इतका वेळ ही बाई आरशापुढे उभी होती.” अख्खं दुकान हसलं.

मग तर त्यांना चेवच आला. एका टीव्हीवर लाल पाटीवरची अक्षरं फिसकटलेली दिसत होती; कॉम्प्युटरची बारीक अक्षरं प्रत्येक टीव्हीला नीट झेपत नाहीत. मी सहज विचारलं, बाबा, चष्म्याचा नंबर वाढला का? “माझा नको, टीव्हीचा नंबर तपास.” एक टीव्ही होता, त्याचा काळा रंग असा की विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं. माझा जीव त्याच्यावर जडला होता. पण मेदेरने प्रामाणिकपणे सांगितलं की एकच चित्र रोज तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्यावर डाग उमटू शकतो. खाली गाडीचे काटे कायम दिसत राहणार. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, “मी रोज चार तासांची पाळी करणार. हा नको.” रोज चार तास, एजे. ज्या माणसाने तुला ‘ह्या खोक्यापायी डोळे जातील’ म्हणून पाच वर्षं ऐकवलं, तो. शेवटी घेतला तो साधासा, झटपट ब्रेक लागणारा, स्वच्छ अक्षरांचा, खिडकीतला उजेड पडला तरी न चमकणारा. घरी येताना टॅक्सीत खोकं मावेना, म्हणून बाबांनी त्यांच्या जुन्या डेपोतल्या मित्राची गाडी बोलावली आणि मागे खोक्याला धरून बसले.

आता गंमत ऐक. मी हौसेने टीव्ही लावला कुठे, तर तोरच्या भिंतीवर. घरातली सगळ्यात मानाची जागा, दारापासून सगळ्यात लांब, गालिचा तिथे, चांगल्या गाद्या तिथे, मग टीव्हीही तिथेच असं माझं डोकं चाललं. चार भोकं पाडली, पातळी मोजली, घामाघूम झालो. बाबा आंघोळ करून आले, नेहमीसारखे तोरवर जाऊन मांडी घालून बसले आणि कंट्रोलर मागितला. टीव्ही त्यांच्या डोक्यावर, पाठीमागे. आई स्वयंपाकघरातून तळलेल्या बोरसोकचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. “वा. एकोणतीस वर्षं समोर बघून गाडी चालवली, आता मागे बघून चालवा.” मी म्हटलं, त्यात काय, बाबा इकडे दारापाशी बसतील. बाबा म्हणाले, “मी बसेन रे दारापाशी, मला काय. पण तोरवर बसणाऱ्याला दिसायला नको?” मी विचारलं, तुमच्याशिवाय तोरवर बसतंय कोण? आईने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मुलगी माहेरी आली की कुठे बसते, एवढंही शिकवलं नाही का तुला?”

तेव्हा टीव्ही उतरवला. आता तो दाराशेजारच्या भिंतीवर आहे, कोटांच्या खुंट्या काढून, आणि एवढा खाली की जमिनीवर बसलेल्याला मान वर करावी लागू नये. पाहुणे आले की त्यांच्या दृष्टीने आमचं घर उलटं झालंय. बाबा रोज जेवणानंतर पाळीवर जातात. परवा म्हणाले, “चढावर ब्रेक सोडला की ही किंचित मागे येते, मग धरते. हे पुस्तकात नसतं. हे तिने माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून बघितलंय.” मला बघवेना. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

एजे, आता ते सांगतो ज्यासाठी हे पत्र आहे. तुझा कॉम्प्युटर बाबांनी फोडला नाही. तुझ्या स्पर्धेच्या फेरीला दोन दिवस होते, तू बाहेर गेली होतीस आणि मी पंधरा वर्षांचा गाढव होतो. मागचं विजेच्या दाबाचं लाल बटण सरकवलं की वेग वाढतो, असं शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. तुला खूश करायला ते सरकवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. मोठा आवाज झाला, धूर निघाला, सगळं संपलं. मी रडत होतो तेव्हा बाबा कामावरून आले. त्यांनी खिडकी उघडली, कॉम्प्युटर उचलला आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकला. मला म्हणाले, “तू तोंड उघडायचं नाही. माझ्यावर ती आधीच रागावलेली आहे, त्यात एकाची भर. पण तुम्ही भावंडं आहात, तुम्हाला आमच्यानंतरही एकमेकांशी बोलायचंय.” तू कचऱ्यात तो पाहिलास, आणि त्यांनी तुझ्यासमोर उभं राहून ‘हो, मीच टाकला’ म्हटलं. खोटंही नव्हतं ते. मी मात्र पंधराचा बावीसचा झालो आणि सात वर्षं तुझ्याशी फोनवर हसत राहिलो, त्यांच्या जिवावर. बाबा ‘माझं चुकलं’ कधीच म्हणणार नाहीत, एजे, कारण त्यांचं चुकलेलंच नाही. माझं चुकलं. हे पत्र मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. कळलं तर माझी धडगत नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे बघूही नकोस. पण मेमध्ये घरी ये आणि त्यांच्याशी बोल.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
कुबान